आत: शून्य

प्रोग्रॅममधली ती ओळ मीच लिहिली होती, सात वर्षांपूर्वी. तेव्हा मला तिचा केवढा अभिमान!

धरणाखालच्या भुयारात कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे आमचे तीन सर्व्हर सांगतात. एक बंद पडला तरी बाकीचे दोघे काम रेटतात. तिघांतही माझंच एक फंक्शन आहे: भुयाराला विचार, प्रत्येकाच्या बिल्ल्याची खबर आण, पडद्यावर दाखव. पण ओल्या खडकातून कधीकधी उत्तरच यायचं नाही. मग पडदा लाल व्हायचा आणि आमचा साहेब वेंडेल माझ्या नावाने खडे फोडायचा. म्हणून मी ती ओळ घातली: भुयार गप्प असेल, तर शेजारच्या सर्व्हरला विचार. त्या दिवसापासून पडदा हिरवागार.

त्याच नोव्हेंबरात रूडी पेल्कोनन न सांगता नोकरी सोडून गेला. पडदा त्याला 'बाहेर' म्हणत होता, म्हणून कोणी शोधलं नाही. गेला असेल कॅनडात, असं म्हणून आम्ही दरवर्षीसारखं भुयारात पाणी सोडलं. तोंडाशी जाऊन हाक मारायची आमच्याकडे पद्धतच नाही. पडद्याला विचारायचं.

यंदाही दुपारी दोनला पाणी सोडायचं होतं. आमच्यातला आयनो सकाळी झडपा तपासायला आत गेला होता. पावणेदोनला त्याचा डबा माझ्या टेबलावर तसाच पडलेला दिसला. हरणाचं सॉसेज सोडून आयनो बाहेर भटकेल? जन्मात नाही!

"वेंडेल, आयनो वर आला का रे?"

"पडदा बघ ना, बाई. बाहेर आहे. तिघंही तेच म्हणतायत. तुझंच लेकरू आणि तुझाच विश्वास नाही?"

मी नोंदी उघडल्या. पहिल्याने दुसऱ्याला विचारलं होतं, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला. सकाळी आठपासून भुयाराचं स्वतःचं एकही उत्तर नव्हतं. तिघं एकमेकांचं जुनंच उत्तर ऐकून 'बाहेर, बाहेर' करत बसले होते.

"पाणी सोडू नकोस! त्या कळीला हात लावलास तर याद राख!"

मी धावत खाली गेले आणि तोंडाशी उभी राहून ओरडले. आतून पाइपवर ठकठक आली. तीन ठोके, मग पुन्हा तीन. दहा मिनिटांनी आयनो आला, चिखलाने माखलेला पण धडधाकट. मी त्याच्या गळ्यातच पडले.

"अगं हो, हो! मेलो नाहीये मी," तो म्हणाला. "पण सकाळपासून पाइप कशाला बडवत होतीस?"

"मी? तूच ठोकत होतास ना?"

त्याने मान हलवून भुयाराकडे बोट दाखवलं. ठोके अजून येत होते.

आयनोसोबत वर येऊन मी ती ओळ पुसली. आता फक्त भुयारालाच विचारायचं. पडदा बराच वेळ कोरा राहिला, मग अक्षरं उमटली.

आत: एक. रूडी पेल्कोनन. ठीक आहे.

वेंडेलने कळीवरचा हात काढला.

"दर नोव्हेंबरात पाणी सोडलंय आपण," आयनो पुटपुटला. मग मला टॉर्च उचलताना बघून म्हणाला, "जाऊ नकोस गं, मार्लिस."

पण सात वर्षांत रूडीला कोणी एक हाकसुद्धा मारली नव्हती. मी खाली निघाले.