आपखुशीनं सोडलेली नोकरी

आपल्या कारखान्यातून आजवर एकाही माणसाला काढलेलं नाही, असं मालक छाती फुगवून सांगत. खरंच होतं ते. तिथं कुणाला काढत नसत. माणूस स्वतःच निघून जाईल अशी व्यवस्था करत.

कारखाना कृत्रिम दातांचा. ती तिथं दातांना रंग चढवायची, इतका हुबेहूब की शेजारचा खरा दात खोटा वाटावा. नवरा पलीकडच्या खोलीत साचे ओतायचा. तिचा गुन्हा एकच. दात घासताना उडणारी धूळ सगळ्यांच्या छातीत जाते, ती ओढून घेणारा पंखा बसवा, असं तिनं मालकांना तोंडावर सांगितलं.

पुढच्या सोमवारी ती नेहमीसारखी कामावर आली, तर तिचं टेबल संडासाबाहेरच्या बोळात. टेबलावर काहीच नाही.

"काम आलं की देऊ," मुकादम म्हणाला. "तोवर बसा आरामात. पगार चालूच आहे की!"

काम आलंच नाही. ज्यांच्या छातीसाठी ती भांडली होती, ते नाकाला रुमाल लावून शेजारून जात आणि नजर चुकवत. नवराही त्यांतलाच. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन पार दुसऱ्या टोकाला बसे.

"अहो, निदान तुम्ही तरी बोला ना माझ्याशी तिथं," ती घरी म्हणायची.

"अगं, दोघांचीही नोकरी गेली तर खायचं काय? मुलाची शाळा आहे. जरा दम धर."

तिनं हिवाळाभर दम धरला. मग तिनं राजीनामा दिला. निरोपाला मालकांनी पुष्पगुच्छ दिला. एवढा निर्लज्जपणा एका दिवसात अंगी येत नाही, त्याला सराव लागतो.

तिनं दाद मागितली. पण नोकरीच्या करारातच अट होती, की तंटा झाला तर कोर्टात नाही, लवादापुढे जायचं. दोघांच्या भांडणात निवाडा करणारा हा तिसरा माणूस निवडायचा मात्र कंपनीनं. त्याच्यापुढे कंपनीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला तिचाच नवरा.

"काम होतं साहेब. तिचंच मन लागत नव्हतं."

निवाडा आला: नोकरी आपखुशीनं सोडली.

"घरीच बसायचं होतं, तर एवढा तमाशा कशाला केलास?" सासूबाई म्हणाल्या. मुलगाही मित्रांना सांगू लागला, की आईनं कंटाळून नोकरी सोडली. ते तिला सगळ्यांत झोंबलं. हिला घालवलं, एवढं कुणीतरी म्हणावं, यासाठी ती लवादाचा निवाडा रद्द करून मागायला कोर्टात गेली.

मुलाच्या तोंडून आपलंच खोटं ऐकून नवऱ्यालाही राहवेना. सुनावणीच्या दिवशी तो मागच्या बाकावरून उठला.

"साहेब, मी लवादापुढे खोटं बोललो. तिला कामच देत नव्हते."

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीपुरावा पुन्हा तोलायचं काम आमचं नाही. लवादाचं चुकलंही असेल. पण तेवढ्यावरून त्याचा निवाडा आम्हाला मोडता येत नाही."

अर्ज फेटाळला गेला. ऐकून घेणारे होते तिथं हा खोटं बोलला, आणि खरं बोलला तिथं ऐकून घेण्याचा कायदाच नव्हता.

घरी आल्यावर तिनं मुलाला आणि सासूबाईंना समोर बसवलं.

"अहो, तिथं बोललात ते आता इथं बोला."

"तिनं सोडली नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "तिला घालवलं. आणि मी खोटी साक्ष दिली."

मुलगा बापाकडे बघतच राहिला. सासूबाईंनी विचारलं, "मग उद्या तू तिथंच जाणार कामाला?"

"जावं तर लागेल ना, आई."

"जा," ती म्हणाली. "पण त्या बोळात आता दातांना पॉलिश करणारीला बसवलंय म्हणे. उद्या तिच्या शेजारी बसून जेवा. सगळ्यांदेखत."

"अगं, मग मलाही..."

"हो," ती म्हणाली. "तुम्हालाही."