आधी पडायचं काम

मी कचरू बोलतोय. नावाला हसू नका. हातात मावणाऱ्या एका गेममधला मी लढाऊ मॉन्स्टर आहे. दगडी कातडं, आखूड पाय, आणि वेग विचाराल तर न विचारलेलाच बरा. गेमच्या खोक्यावर माझं चित्रसुद्धा नाही. तिथे वीजनागीण आहे, तिचा तोरा काय सांगायचा!

२००८ च्या जुलैत सुखदेवने गेममधल्या रानात मला पकडलं. सुखदेव वाशीमकडचा. नारायण पेठेत तिघांबरोबर एका खोलीत राहायचा आणि हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती, ते नीट गेले की पक्की. घरातली पहिलीच ऑफिसातली नोकरी. त्याच्या आईने, प्रेमलाबाईंनी, ती पक्की झाल्याचं गावात आधीच सांगूनही टाकलं होतं.

कचरू हे त्याच्या आजोबांचं नाव. पणजीची मुलं जगत नव्हती, म्हणून तिने मुद्दाम असलं टाकाऊ नाव ठेवलं, मरणाने ढुंकूनही बघू नये म्हणून. आजोबा चांगले ब्याऐंशी वर्षं जगले. सुखदेवने मला त्याच मायेने ते नाव दिलं, आणि माझ्या वाट्याला काम आलं ते रोज मरायचं.

हे काम मला लावलं अनिरुद्धने. तो सुखदेवचा टीम लीड. कंपनीची बस सकाळी अलका चौकातून निघायची आणि वाकडच्या पुलाशी तासभर अडकून बसायची. त्या तासात पाच-सहा जण गेम काढून एकमेकांशी लढायचे. सुखदेव रोज हरायचा, कारण तो मला वाचवत बसायचा. जरा मार बसला की मला मागे घ्यायचा, औषध पाजायचा.

“अरे, पाळलायस का त्याला?” एकदा अनिरुद्ध म्हणाला. “हा लढायला नाही, पडायला आहे. सगळ्यात आधी यालाच पाठव. पहिल्या चालीत समोर काटे पसरायचे, म्हणजे त्यांचा जो कोणी मैदानात येईल तो सोलून निघेल. दुसऱ्या चालीत स्वतःचा स्फोट. समोरचा अर्धमेला, हा खलास. मग तुझी वीजनागीण ताजीतवानी आत येते आणि सगळ्यांना झोपवते. सिंपल!”

“पण सर, हा तर मरते ना.”

“मॅच संपली की गेममधल्या दवाखान्यात नेतोस ना? उठतो की परत! आणि सर नको म्हणूस रे, शंभरदा सांगितलंय.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी फुटायला लागलो. दुखायचं, खोटं कशाला सांगू? पण सुखदेव जिंकायला लागला. आधी बसमध्ये एकटा खिडकीशी बसायचा, आता लोक त्याला हाक मारून जागा देऊ लागले. त्याचा चेहरा खुललेला बघितला की मला फुटल्याचं काही वाटायचं नाही. टाळ्या अर्थात वीजनागिणीला.

डिसेंबर आला. पक्कं होण्याचं पत्र तीन आठवड्यांवर होतं. एका गुरुवारी बसमध्ये, माझी चाल चालू असताना, अनिरुद्ध सहज म्हणाला, “सुख्या, त्या तिकिटांच्या भागाची तपासणी सोमवारी कर. क्लायंट डोकं खातोय, आज तसंच पाठवून देऊ.” सुखदेवने मान हलवली. लिखापढी काही नाही. साक्षीदार कोण, तर मी.

क्लायंट होती एक परदेशी विमान कंपनी. शनिवारपर्यंत एकेका सीटची तिकिटं दोघादोघांना गेली होती. विमानतळांवर माणसं हमरीतुमरीवर आली. त्यात ते मंदीचे दिवस. कोणाला काढायचं याच्या याद्या वरच्या मजल्यावर तयारच होत्या.

सोमवारी बसमध्ये अनिरुद्ध सुखदेवच्या शेजारी येऊन बसला. गेम काढला नाही.

“हे बघ, तू मेल टाक की तपासणी माझ्याकडून राहिली. तू नवीन आहेस, नव्या मुलाला फार तर झापतात. माझ्यावर आलं तर आख्खी टीम मोडतील. आधी तू पड, मग मी आत येऊन सगळं सावरतो. आपला रोजचाच डाव आहे.”

सुखदेवने क्षणभर स्क्रीनवर माझ्याकडे बघितलं. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण आम्हाला गुरगुरण्यापलीकडे आवाज दिलेला नाही. तो म्हणाला, “हो सर.” त्याला खरंच वाटलं की पडलेल्याला उठवायला कोणीतरी येतंच!

मेल गेला साडेनऊला. साडेअकराला एका बाईंनी खोलीत बोलावून त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. मी खिशात होतो. “आपण अजून पक्के नाही आहात, त्यामुळे नोटीस लागत नाही,” त्या म्हणाल्या. अहो-जाहो करून हाकलण्याची रीत इथलीच. भर दुपारी कंपनीची बस नसते. तो गेटबाहेर सहा आसनी रिक्षाची वाट बघत उभा राहिला, तेवढ्यात आईचा फोन आला.

“झालं का रे बाबू पक्कं?”

“होते ना आई. सर पाहून राहिले.”

सर पंधरा दिवस फोन उचलत नव्हते. शेवटी सुखदेव सकाळी अलका चौकातच जाऊन उभा राहिला, गावी जायची बॅग घेऊन. अनिरुद्ध म्हणाला, “वरती बोललोय रे, बघतो. बरं, निघालायस तर कचरू देऊन जा ना मला. आधी पाठवायला माझ्याकडे धड कोणी नाहीये.”

आणि या येड्याने दिलं! सर खूश राहिले तर परत बोलावतील, ही आशा. आमच्या गेममध्ये अदलाबदल होते, दोघांनी ‘हो’चं बटण दाबावं लागतं. सुखदेवने ते दाबण्याआधी माझं माहितीचं पान दोनदा उघडून मिटलं. बदल्यात त्याला एक क्षुल्लक किडा मिळाला. बस निघून गेली. मला त्याचा राग आला, अजूनही येतो, आणि त्याच्यासाठी जीव तुटतो तोही अजून तसाच.

पत्र कधी आलंच नाही. अनिरुद्ध आता मॅनेजर आहे. मी रोज त्याच्यासाठी फुटतो.

परवा बसमध्ये त्याने शेजारी बसलेल्या उत्कर्षाला माझा डाव शिकवायला घेतला. ती नवीन आहे, नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर. तिने माझं माहितीचं पान उघडलं. अदलाबदल झाली तरी आमच्या पानावरून पहिल्या मालकाचं नाव पुसलं जात नाही.

“सर, हा सुखदेव कोण?”

“होता एक,” अनिरुद्ध म्हणाला. “काटे पसर.”

उत्कर्षा, बाई, हात जोडतो. थांब जरा. त्याला अजून एकदा विचार, सुखदेवचं पुढे काय झालं.