बिस्किटांच्या डब्यातली कार्डं

नागरिकहो, तुमच्या ऑफिसात असा एकजण असेलच. साहेबांनी नुसतं "अरे, जरा ते बिल..." म्हणायचा अवकाश, याचा हात पाकिटाकडे गेलेला असतो. गाडीचं भाडं, पाहुण्यांचं जेवण, छपाईचा खर्च, सगळं हा आधी स्वतःच्या कार्डावर भरतो आणि मग पावत्यांची चवड घेऊन हिशेबनिसाच्या टेबलासमोर महिनोन्महिने ताटकळतो. लोक त्याला भला माणूस म्हणतात. मी त्याला मूर्ख म्हणतो, आणि पुढचं वाचल्यावर तुम्हीही म्हणाल.

आपल्या गोष्टीतल्या माणसाला ऑफिसात 'खिसा' म्हणत. प्रदर्शनांमध्ये स्टॉल उभारून देणाऱ्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता. प्रदर्शन चार दिवसांचं, उभारणी दोन दिवसांत, आणि हॉलवाला, गालिचेवाला, ट्रकवाला सगळ्यांना पैसे आगाऊ हवेत. कंपनी आपल्या माणसांना आगाऊ रक्कम देत नसे. साहेबांनी त्याऐवजी एक पद्धत पाडली होती. दर शनिवारच्या मीटिंगला टेबलाच्या मधोमध बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला जाई. पुढच्या प्रदर्शनाचा खर्च जो अंगावर घेणार असेल त्याने आपलं क्रेडिट कार्ड त्या डब्यात टाकायचं. टाकलं की टाळ्या! आठवडाभर त्याचं नाव पांढऱ्या फळ्यावर. ग्राहकाने पैसे दिले की कंपनी ते परत करणार, कधी दीड महिन्याने, कधी तीन. खिशाचं नाव त्या फळ्यावर इतक्यांदा लागलं होतं की त्याला 'खिसा' ही पदवीच वाटायची. सगळे आपल्याला हसतात हे त्याच्या डोक्यातही येत नसे.

आता त्याच्या घरचं सांगतो. चार वर्षांपूर्वी बायकोचं मोठं ऑपरेशन झालं, त्यात मोटारसायकलच्या कर्जाचे पाच हप्ते थकले. बँक मोटारसायकल घेऊन गेली आणि जाताना त्याचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे बँकांच्या लेखी पत सांगणारा आकडाही, रसातळाला नेऊन गेली. चार वर्षं पोटाला चिमटा घेत, कंपनीची छोटी बिलंही पगारातून भागवत, एकेक हप्ता वेळेवर भरत त्याने तो आकडा कसाबसा सातशे सोळावर आणला होता. आणि नेमकं याच वर्षी मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली. फीसाठी बँक कर्ज द्यायला तयार होती. अट एकच, महिनाअखेरीला बँक पुन्हा तपासेल तेव्हा वडिलांचा आकडा सातशेच्या वर हवा. तीस तारखेला फी भरली नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या मुलीला जाणार होती.

खिशाची थोरली बहीण त्याच बँकेत कर्जविभागात होती. तिने त्याला जेवणाच्या सुट्टीत बोलावून घेतलं.

"तीस तारखेपर्यंत त्या कार्डाला हात लावायचा नाही. कळलं?"

"ताई, ते माझ्यासाठी थोडंच वापरतो मी? कंपनीचा खर्च असतो. परत मिळतो."

"हे बँकेला कोण सांगणार?"

"साहेबांचं पत्र आणून देतो ना!"

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, त्या अहवालात कारण लिहायला रकाना नसतो! कार्डाची मर्यादा किती वापरलीय आणि बिल वेळेत भरलं का, एवढंच दिसतं. तू तिथे हॉलचं भाडं भरलंस की पत्ते खेळलास, यंत्राला सारखंच. ज्याचा आकडा आठशेच्या वर आहे त्याला हे धक्के सोसतात. तुझं आत्ता कुठे बस्तान बसतंय. आणि मला सांग, धंदा त्यांचा, नफा त्यांचा, मग उधारी तुझ्या नावावर का?"

"साहेब म्हणतात, जो कार्ड टाकतो तो घरचा माणूस."

"त्या डब्यात साहेबांनी स्वतःचं कार्ड कधी टाकलं?"

खिसा हसला. "साहेब कशाला टाकतील?"

"बघ, तुलाच माहीत आहे," ताई म्हणाली. तिने त्याच्यापुढे पोळीभाजी सरकवली, पण त्याने खाल्ली नाही. त्याला मीटिंगला जायचं होतं.

त्या शनिवारी डबा टेबलावर आला तेव्हा कुणीच हललं नाही. प्रदर्शन मोठं होतं, खर्च एका कार्डात न मावणारा, दोघांची कार्डं लागणार होती. साहेबांनी डबा बोटाने खिशाकडे ढकलला.

"काय रे खिशा, आज बरं नाहीये का? मला पुढच्या महिन्यात मॅनेजर नेमायचाय. मी आपला फळ्यावरची नावं बघतोय."

खोलीत खसखस पिकली. खिशाला मुलगी आठवली, ताई आठवली, आणि तरीही त्याने कार्ड डब्यात टाकलं. इथवर त्याची कीव करायला माझी हरकत नाही. पण टाळ्यांनी त्याच्या अंगात वारं संचारलं. शेजारी पन्नाशी ओलांडलेले वायरमनकाका बसले होते. स्टॉलचे दिवे लावायचं काम त्यांचं. त्यांना कार्ड घ्यायला लावलं होतं तेही खिशानेच.

"काका, टाका की! का कंपनीवर भरवसा नाही?"

काका त्याच्याकडे झुकून कानात म्हणाले, "माझे आधीच दोन हप्ते थकलेत रे. आज नको, एवढं सांभाळून घे."

"अहो ऐका," खिसा मोठ्याने ओरडला, "काकांचे हप्ते थकलेत म्हणे!"

सगळे हसले. साहेब सगळ्यांत जोरात हसले. काकांचा चेहरा पार उतरला. त्यांनी पाकीट काढलं, कार्ड डब्यात टाकलं आणि टाळ्या थांबेपर्यंत मान वर केली नाही. ज्याचे स्वतःचे पाच हप्ते थकले होते त्याने दुसऱ्याचे दोन चव्हाट्यावर आणले!

प्रदर्शन पार पडलं. ग्राहकाने गालिच्याच्या रंगावरून वाद घातला आणि पैसे अडवून ठेवले. खिशाच्या कार्डाची मर्यादा दीड लाखाची, त्यातले एक लाख अडतीस हजार संपले होते. बिल आलं. "सोमवारी नक्की," हिशेबनीस म्हणाला. सोमवार गेला, गुरुवार गेला. शेवटी खिशाने किमान रक्कम तेवढी भरली, तीही मुदत उलटून तीन दिवसांनी. अठ्ठावीस तारखेला ताईने त्याला बँकेत बोलावलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. सहाशे एक्केचाळीस! कर्ज नामंजूर झालं होतं.

"तू काहीतरी कर ना, ताई," तो म्हणाला.

"मी केलं होतं. तुला सांगितलं होतं," ताई म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

खिसा तिथून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेबांपुढे त्यांच्या नव्या फ्लॅटचा नकाशा पसरलेला होता.

"साहेब, माझे पैसे आज द्या. परवा मुलीची फी भरायचीय. नाही भरली तर तिची जागा जाईल."

"ग्राहकाने दिले नाहीत, मी कुठून आणू?"

"मग दोन दिवसांसाठी तुमच्या कार्डावरून फी भरा. कंपनीकडून येणं आहे ते तुम्हीच ठेवून घ्या."

साहेब चकित झाले. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "वेडा आहेस का? मी माझं कार्ड असल्या भानगडीत घालत नाही. फ्लॅटच्या कर्जाचं चाललंय, आकडा बिघडेल ना माझा!"

म्हणजे साहेबांना माहीत होतं! आकडा काय असतो, तो कशाने बिघडतो, बिघडला की काय होतं, सगळं माहीत होतं, आणि दर शनिवारी ते हसत डबा पुढे सरकवत होते!

"आणि तुला जबरदस्ती केली होती का कुणी?" साहेब नकाशाची घडी घालत म्हणाले. "स्वतःच्या हाताने टाकलंस. माझी कुठे सही आहे का?"

खिसा बाहेर आला. घरी जायचं धाडस होईना, म्हणून तो गोदामात गेला. वायरमनकाका शिडीवर चढून दिव्यांच्या पट्ट्या उतरवत होते.

"काका, चुकलो मी. त्या दिवशी..."

काकांनी वरूनच उत्तर दिलं. "वसुलीची माणसं घरी येऊन गेली. सुनेसमोर ओरडली. मी माफ करीन म्हणून आला असशील तर जा. चारचौघांत अब्रू घालवलीस, इथे एकट्यात माफी काय मागतोस? शनिवारी तिथे बोल."

तीस तारीख आली आणि गेली. जागा गेली. बायकोने एकदाच विचारलं, "मॅनेजर केलं का?"

शनिवारी डबा टेबलावर आला तसा खिसा उठून उभा राहिला.

"त्या शनिवारी मी काकांचे हप्ते तुम्हा सगळ्यांसमोर काढले. माझे पाच थकले होते, ते मी तुमच्यापासून लपवले. साहेबांनी टाळी वाजवावी म्हणून मी हे केलं. माझ्या मुलीची जागा गेली, काकांच्या दारात माणसं आली. साहेब स्वतःचं कार्ड धंद्यात घालत नाहीत, आकडा बिघडतो म्हणून. मला त्यांनीच सांगितलं. मग आपले आकडे काय रस्त्यावर पडलेत? आजपासून आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय मी एक खिळा ठोकणार नाही!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कुणी पाकीटही काढलं नाही. साहेबांनी आवाज चढवला, नोकरीची धमकी दिली, नावं घेऊन एकेकाला विचारलं. सगळ्यांच्या माना खाली, हात टेबलाखाली. काका पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून बसले होते. हॉलचं भाडं संध्याकाळच्या आत भरायचं होतं. चार वाजता हिशेबनीस कंपनीचा धनादेश घेऊन आला. पैसे होते, नागरिकहो! पहिल्यापासून होते! ते कंपनीच्या खात्यात सुखाने पडून होते आणि ह्या माणसांची अब्रू बँकांच्या दारात फिरत होती.

खिसा मॅनेजर झाला नाही. त्याला गोदामात स्क्रू मोजायला बसवलं. काका त्याच्याशी आजही कामापुरतंच बोलतात.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला त्याचे एक लाख अडतीस हजार परत मिळाले. दंड आणि व्याज कंपनीने दिलं नाही, ते नियमात बसत नव्हतं. त्याने पैशांचं पाकीट मुलीपुढे ठेवलं. ती तेव्हा औषधांच्या दुकानात कामाला लागली होती, पहिलाच आठवडा होता.

"सगळे आले बघ," तो म्हणाला.

मुलीने पाकीट उघडलं नाही. "बाबा, मागच्या वर्षी मी क्लास लावायला पैसे मागितले होते. तुम्ही म्हणाला होतात, कार्डाला धक्का लावायचा नाही, आकडा बिघडेल. मी म्हटलं बरं, आणि घरीच अभ्यास केला. मला 'नाही' म्हणालात. साहेबांना 'नाही' का म्हणाला नाहीत?"

बायकोने दोघांपुढे ताटं ठेवली आणि तिघं जेवायला बसली.

त्याने दिलं नाही म्हणून उत्तर मी देतो, आणि ते आपल्या सगळ्यांचं आहे. घरच्यांना नाही म्हणायला आपल्याला धाडस लागत नाही, ते आपल्याला सोडून जाणार नसतात. धाडस लागतं ते साहेबांना नाही म्हणायला. मालकाच्या धंद्याला भांडवल पुरवणं हे पगारी माणसाचं काम नव्हे. खर्च कंपनीचा असेल तर पैसे आधी मागा, लेखी मागा, आणि मागताना लाजू नका. आणि ज्याचे हप्ते थकलेत त्याला हसू नका. तुमची पत तुमच्या मुलाबाळांची आहे. ती दुसऱ्याच्या टेबलावर ठेवण्याआधी घरी जाऊन त्यांना एकदा विचारा.