आकडा किती वाजताचा?

फर्निचरच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांना टेकून उभी राहिली. पहिल्या रांगेत एक निवृत्त बस कंडक्टर, त्यांच्यामागे दातांचा डॉक्टर, दोन मुख्याध्यापिका. चांगली शिकली-सवरलेली माणसं, पण सगळी समोरच्या पडद्याकडे आ वासून बघत होती. पडद्यावर शेअरची लांबलचक यादी होती आणि तिच्यातला एकही आकडा हलत नव्हता. इथला बाजार साडेनऊला उघडायचा, त्याला अजून अर्धा तास होता.

पडद्याखाली सर बसले होते. कुठल्या शाळेचे सर ते देव जाणे. डोळ्यांवर काळी रेशमी पट्टी, दोन बोटं कपाळाला.

"आकडे झोपलेत," सर खर्जात म्हणाले. "पण झोपेतही ते माझ्याशी बोलतात."

मग त्यांनी तीन नावं घेतली: एक सिमेंटची कंपनी, एक औषधांची, एक केबलची. साडेनऊ वाजले, पडदा जागा झाला आणि तिन्ही शेअर सात, नऊ, अकरा टक्क्यांनी टुणकन वर. हॉल टाळ्यांनी दणाणला. एक आजोबा तर सरांच्या पायांवर लोटांगण घालायला निघाले.

शेवटच्या रांगेतल्या लॅबवाल्या ताईंना शिसारी आली. तीस वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासणाऱ्या बाईला सहसा कशाची किळस वाटत नाही, पण ही वाटली. त्या आल्या होत्या धाकट्या बहिणीसाठी. धाकटी शिवणकाम करायची. मशीनचं पायडल मारून मारून उजवा गुडघा पार गेला होता आणि तो बदलण्यासाठी तिने अकरा वर्षं पैसे साठवले होते. उद्या ती ते सगळे सरांच्या हवाली करण्याच्या कागदावर सही करणार होती.

"अगं, आणि गुडघ्याचं काय?" ताईंनी जिन्यातच विचारलं होतं.

"सर म्हणतात, एकाच्या पैशात दोन्ही होतील."

याआधी तिने दोनदा सरांचं ऐकून बाजार उघडल्या उघडल्या थोडे शेअर घेतले होते. दोन्ही वेळा दुपारपर्यंत भाव खाली. सरांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही मनात शंका आणलीत, म्हणून पडला. बघा म्हणजे, चोर तो चोर आणि वर शिरजोर!

ताईंच्या हाताला एक सवय होती. कुठलाही रिपोर्ट आला की आकड्याआधी त्या वेळ बघत. साखर एकशे तीस, हे चांगलं की वाईट? जेवणानंतरची असेल तर ठीक, उपाशीपोटीची असेल तर डॉक्टर गाठा. वेळ लिहिलेली नसेल तर तो रिपोर्ट त्या सरळ परत पाठवत. त्या सवयीनेच त्यांनी बाजार उघडण्याआधी पडद्याचा खालचा कोपरा वाचला होता. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: काल, बाजार बंद होतानाचे भाव. म्हणजे आकडे झोपले-बिपले नव्हते. ते शिळे होते.

घरी जाऊन त्यांनी सरांच्या पडद्यावर दिसायचं तेच शेअर चाळायचं फुकटातलं ॲप मोबाइलवर घेतलं. यादीच्या वर तीन पर्याय होते: बाजार उघडण्यापूर्वी, मुख्य वेळ, बाजार बंद झाल्यावर. सरांचा पडदा कायम 'मुख्य वेळे'वर असायचा. पण इथल्या बाजाराचं मोठं दार साडेनऊला उघडत असलं, तरी बाजूचं छोटं दार आठपासूनच उघडं असतं आणि तिथे खरेदी-विक्री चालू झालेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला ताईंनी पहिला पर्याय दाबला. सर्वांत जास्त चढलेली तीन नावं कागदावर लिहिली, पाकिटात घातली आणि हॉलमध्ये बहिणीच्या हातात दिली. सरांचं बोलून झाल्याशिवाय उघडायचं नाही, एवढंच सांगितलं.

सरांनी पट्टी बांधली. आकडे झोपले, सरांशी बोलले वगैरे सगळं साग्रसंगीत झालं. सरांनी तीन नावं घेतली. धाकटीने पाकीट उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. तीच तीन नावं, त्याच क्रमाने.

ताई उभ्या राहिल्या. "सर, पडद्यावर वर डावीकडचा पहिला पर्याय दाबा."

सर म्हणाले, अविश्वासाने लहरी बिघडतात. कॉम्प्युटरपाशी बसलेला त्यांचा मेहुणा छताकडे बघू लागला. शेवटी कंडक्टरच उठले आणि त्यांनी माउस हातात घेतला. एक टिचकी, आणि तिन्ही नावं यादीच्या डोक्यावर आली. साडेनऊला जी उडी दिसायची, ती मारून शेअर केव्हाच वर जाऊन बसले होते.

"म्हणजे हा मागच्या खोलीत मोबाइल बघून यायचा," कंडक्टर सावकाश म्हणाले. "बस केव्हाच सुटलेली, आणि हा आपल्याला स्टॉपवर उभं करून तिकीट फाडत होता."

सरांनी पट्टी काढली. मग डॉक्टरांनी आपली सही केलेला कागद मागितला, आणि मागोमाग सगळेच टेबलाकडे धावले. त्या गर्दीत सर मागच्या दाराने सटकले.

बिनसहीचा कागद पर्समध्ये कोंबून धाकटी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. ताईंनी तिचा दंड धरला होता. तेवढ्यात मागून ते लोटांगणवाले आजोबा धापा टाकत आले.

"ताई, तुमचीही तिन्ही नावं बरोबर आली हो. उद्याची सांगता का?"

ताईंच्या तोंडाला कडवट चव आली. एक भोंदू पळाला, त्याची खुर्ची गरम आहे तोवर हे दुसऱ्याला बसवायला निघाले! पण त्या काही बोलायच्या आत धाकटी पायरीवर थांबली आणि वळली. गुडघा ठणकत होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"काका, हिला काही दिसत नाही. तुम्हाला दिसतं तेवढंच हिलाही दिसतं, फक्त ही नीट बघते," ती म्हणाली. "उद्या कोणी डोळ्यांवर पट्टी बांधून आकडा सांगितला, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, हा किती वाजताचा? मी ते विचारलं नाही आणि माझा पाय घालवून बसले असते."