मिस्तरींच्या हातातले सात नंबरचे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने प्रार्थनापुस्तक आहे आणि आधीच कबूल करतो, मी पहिल्या नंबरचा भित्रा आहे. माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर मात्र सात नंबर लिहिला आहे. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, मागच्या खोलीतल्या कपाटात आम्ही बारा भावंडे राहत होतो. कपाटाचे दार करकरले, की बाकीची ताठ उभी राहत आणि मी आठव्याच्या आड सरके.

ही धास्ती जन्मापासूनची आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून मी उजव्या बाजूने उघडतो. आमच्या छापखान्यातल्या नव्या बाइंडरला हे ठाऊक नव्हते. त्याने पहिल्या काही भावंडांना उलटे पुठ्ठे चढवले आणि चूक कळल्यावर ते ओरबाडून काढले. माझी पाळी येईपर्यंत तो शहाणा झाला होता, पण तो आवाज मी ऐकला होता.

पहिली वीस वर्षे मी पुढच्या मोठ्या दालनात काढली. माझी अक्षरे ठळक, म्हणून वयस्कर मंडळी मला मुद्दाम मागून घेत. एकदा एका आजोबांच्या हातून मी खाली पडलो. त्यांनी मला उचलले आणि माझे चुंबन घेतले. इथली रीतच तशी आहे. भावंडांना माझा हेवा वाटला. मला मात्र पाठीत कळ जाणवली, कारण शिवण उसवली होती.

उसवलेल्या पुस्तकांचे काय होते ते मला माहीत होते. आमच्या पानांवर देवाचे नाव असते, म्हणून आम्हांला रद्दीत घालत नाहीत. जिन्याखाली एक लाकडी पेटी आहे, तिच्यात ठेवतात. पेटी भरली, की दफनभूमीत नेऊन माणसांसारखे मातीत पुरतात. पाचवे पुस्तक म्हणते, याहून मोठा मान नाही. असेल बुवा. माझी मात्र त्या विचाराने पाने गार पडतात.

पुढे आमची रवानगी मागच्या खोलीत झाली. दर बुधवारी दुपारी तिथे मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. विद्यार्थी म्हणजे एक नर्स, एक टॅक्सीवाले, एक न्हावी आणि एकमेकींच्या चुका आनंदाने मोजणाऱ्या दोन विहिणी. एका बुधवारी त्यात एक सुतार आले. त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. वय बासष्ट, केसांत भुसा, कानावर चपटी पेन्सिल.

“तुम्ही का आलात?” बाईंनी विचारले. हे त्या प्रत्येकाला विचारत.

मिस्तरींनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, “चाळीस वर्षं येतोय मी इथं. ही सगळी बाकं मी दुरुस्त केलीत. पण मला हिब्रू वाचता येत नाही. पुस्तक उघडतो आणि नुसते ओठ हलवतो. कुणाला कळलं नाही. फक्त माझ्या ताईला कळलं.”

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडिलांच्या मागे तिने लोकांचे कपडे धुऊन त्यांना वाढवले होते. ती नऊ महिन्यांपूर्वी गेली होती. हॉस्पिटलमध्ये तिने हात धरून सांगितले होते, “वर्षाच्या दिवशी माझ्यासाठी कद्दीश तू स्वतः म्हण. नुसते ओठ नको हलवूस. मला तिथेही कळेल.”

कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. दहा माणसे जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही, म्हणजे चोरून पुटपुटायची सोय नाही. वर्षाच्या दिवसाला अकरा आठवडे उरले होते. बाईंनी त्यांच्या हातात मला ठेवले. त्यांना मला उघडायचा धीर होईना आणि मलाही उघडायचा. भित्र्याला भित्रा बरोबर भेटला.

हिब्रू अक्षरांच्या खालीवर बारीक ठिपके आणि रेघा असतात, उच्चारासाठी. मिस्तरी त्यांना खिळे म्हणत. “बाई, खिळे फार मारलेत हो यात!” सगळे हसत, तेही हसत, पण त्यांचा अंगठा माझ्या पानावर घामाने चिकटलेला असे. प्रत्येकाने एकेक ओळ वाचायची असा नियम होता. मिस्तरी टेबलाभोवतीची माणसे मोजून आपल्या वाट्याला कोणती ओळ येणार ते हेरून ठेवत आणि तेवढीच मनात घोकत. एकदा टॅक्सीवाले गाडी बाजूला लावायला मध्येच उठून गेले. एक माणूस कमी झाले आणि मिस्तरींच्या वाट्याला भलतीच ओळ आली. त्यांनी खिसे चाचपले.

“चष्मा विसरलो वाटतं,” ते म्हणाले.

“भाऊ, कपाळावर आहे,” थोरल्या विहीणबाई म्हणाल्या.

त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर मिस्तरी खोलीत मागे थांबले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, दाराकडे पाहिले आणि कद्दीशच्या पानावर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर रोजच्या लिपीत उच्चार लिहून काढले. तोंडपाठ काही नव्हते, म्हणून नर्सबाईंकडून कागदावर उतरवून आणले होते. वर्गाच्या पुस्तकात लिहायचे नाही, हा बाईंचा कडक नियम. “कुणाला सांगू नकोस हं,” ते मला म्हणाले. मी कुणाला सांगणार?

पुढच्याच बुधवारी बाईंनी ते पाहिले. वर्ग सुटल्यावर पाने चाळताना त्यांची नजर तिथे थबकली. त्यांनी मिस्तरींना हाक मारली नाही. पर्समधून खोडरबर काढले आणि फक्त पहिले दोन शब्द पुसले, फार जपून, छापील अक्षराला धक्का न लावता. मग फुंकर मारली आणि मला कपाटात ठेवले. त्यानंतर दर बुधवारी तेच. कधी तीन शब्द, कधी अख्खी ओळ.

मित्रांनो, त्या आठवड्यांत मी काय सोसले ते माझे मला माहीत. मला वाटे, बाई कसला सूड उगवतायत? बुडत्याच्या हातातली काडी काढून घेतायत. मिस्तरी ओळीवरून बोट सरकवत वाचत. त्यांचे बोट मला जाणवे, पण त्यांचे डोळे पेन्सिलीवर आहेत की छापील अक्षरांवर ते कळत नसे. हे ज्या दिवशी खरोखर पाहतील त्या दिवशी काय होईल? मला ओरडून सांगावेसे वाटे आणि मला तर तोंडच नाही. शेवटच्या बुधवारी एकच शब्द उरला होता, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत अवघड. बाईंनी तोही पुसला.

वर्षाचा दिवस उजाडला. सकाळी मोठ्या दालनात आठच माणसे होती. माझ्या मनात आले, दोन कमीच राहू देत, म्हणजे सुटलो. तेवढ्यात सगळा वर्ग आत आला, टॅक्सीवाल्यांनी गच्च भरून आणलेला. मिस्तरी उभे राहिले. त्यांनी मला उघडले. मी पाने आवळून धरली. पानावर पेन्सिलीची एकही खूण उरली नव्हती आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

त्यांनी सुरुवात केली. आवाज घोगरा होता, पण होता. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. लोक मध्ये “आमेन” म्हणत. मग तो लांब शब्द आला आणि मिस्तरी थांबले. त्यांनी मला इतके घट्ट दाबले, की माझी उरलीसुरली शिवण तटकन तुटली. अंगठ्याचे नख एकेका ठिपक्यावर टेकवत, एकेक तुकडा जोडत त्यांनी तो शब्द पार केला. “आमेन,” सगळे म्हणाले. थोरल्या विहीणबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता.

नंतर मागच्या खोलीत मिस्तरींनी मला बाईंसमोर ठेवले. “बाई, मी लबाडी केली. पुस्तकात लिहून ठेवलंय. हे बघा.” त्यांनी पान उघडले आणि ते बघतच राहिले.

“माझं लिहिलेलं कुठाय?”

“शेवटचा शब्द बुधवारी पुसला,” बाई म्हणाल्या. “बाकीचं त्याआधीच.”

मिस्तरींनी पान उजेडाकडे धरून पाहिले. “म्हणजे मी छापलेलंच वाचत होतो! आणि आज अडलो असतो तर?”

“त्या भीतीनं मला रात्रभर झोप नाही,” बाई म्हणाल्या. तेव्हा मला कळले, की त्या सकाळी दालनात सर्वांत भित्रा मी नव्हतो.

माझी पाने सुटली होती. आता पेटीशिवाय गत्यंतर नव्हते. मिस्तरी मला दोन्ही हातांवर घेऊन जिन्याखाली गेले, मागोमाग बाई. झाकण उघडले. आतून जुन्या कागदाचा दमट वास आला आणि मी थिजलो. मिस्तरींनी मला लगेच आत ठेवले नाही. त्यांनी मला मध्येच कुठेतरी उघडले. ते पान त्यांनी कधी घोकले नव्हते, त्यावर कधी पेन्सिल लागली नव्हती. त्यांनी त्यातली एक ओळ वाचली, हळू, दोन चुका करत. बाईंनी चुका दुरुस्त केल्या नाहीत. मग मिस्तरींनी मला अलगद आत ठेवले.

मित्रांनो, भीती गेली असे मी म्हणणार नाही. मातीची भीती आहेच. तुमच्याकडे एखादे जीर्ण पुस्तक असेल, तर ते कायमचे ठेवून देण्याआधी एकदा उघडा आणि त्यातली एक ओळ मोठ्याने वाचा. चुकलात तरी चालेल. आम्हांला ऐकू येते.