मापात बसणारं ग्राफिक्स कार्ड

मी कपडे वाढवून देते. घट्ट झालेले सैल करते, आखूड झालेले लांब. शिवताना आत थोडं जादा कापड सोडलेलं असतं, त्याला आम्ही शिवणारे माया म्हणतो. ती उसवली, की सुटलेलं पोटही सुखाने मावतं. या धंद्यात केस पिकल्यामुळे माझी पक्की समजूत झाली होती, की जगातली प्रत्येक वस्तू पुढचा विचार करूनच केलेली असते. लॅपटॉपसुद्धा.

लेक कार्टून फिल्म बनवते. एका स्टुडिओत नोकरीसाठी तिला छोटीशी फिल्म पाठवायची होती आणि शनिवारी संध्याकाळी मुदत संपत होती. पण गर्दीच्या बाजाराचं दृश्य आलं, की तिचा लॅपटॉप मान टाकायचा. "रॅम कमी पडते गं, आणि ग्राफिक्सही," ती रडवेली होऊन म्हणाली. रॅम आम्ही दोघींनी मिळून बदलली. म्हणजे तिने बदलली, मी स्क्रू सांभाळले. नवी पट्टी खाचेत खट्कन बसली, लॅपटॉपला जरा तरतरी आली आणि मी थेट हरभऱ्याच्या झाडावर चढले. एवढंच तर असतं!

शनिवारी सकाळी लेक आवाज रेकॉर्ड करायला मैत्रिणीकडे गेली. मी लॅपटॉपची लांबी-रुंदी टेपने मोजली आणि ग्राफिक्स कार्ड आणायला दुकान गाठलं.

"कुठल्या कॉम्प्युटरला लावायचंय, ताई?" दुकानदाराने विचारलं.

लॅपटॉप म्हणाले असते तर काही जीभ झडली नसती. पण अडाणी दिसायचं नव्हतं ना! "साधाच आहे हो, घरातला. फक्त लांबी याच्यापेक्षा जास्त नको," मी टेपवर बोट ठेवून सांगितलं. त्याने आधी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी मापात बसणारं कार्ड काढून दिलं. मापात माझा कोणी हात धरत नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. कार्डाला दोन पंखे होते, आणि जाडी अख्ख्या लॅपटॉपपेक्षा जास्त. जाडी मोजायची राहूनच गेली होती. पण दाबला की उशीत कापूस मावतोच, या हिशोबाने मी कार्ड बसवायची खाच शोधत बसले. ती कुठेच सापडेना, तेव्हा झक मारत दुकानदाराला फोन केला.

"लॅपटॉप?" त्याने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. "ताई, त्यात ग्राफिक्सची चिप बोर्डावरच सोल्डर करून कायमची चिकटवून टाकलेली असते. ती नाही बदलता येत. कार्ड परत आणा."

इथे कोणी माया सोडलेलीच नव्हती. निमूट सगळं बंद करून गप्प बसावं की नाही? पण झाकण लावताना मी नको तिथे जोर लावला, फितीसारखी एक वायर तुटली आणि लॅपटॉप सुरू केल्यावर स्क्रीन काळाठिक्करच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेक परत आली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "आई, फिल्म त्यातच आहे," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची नोकरी मी माझ्या हाताने घालवली होती.

मग तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र आलं! आतलं सगळं शाबूत होतं, गेला होता तो फक्त स्क्रीन. माझा जीव भांड्यात पडला. तरी बाजाराचं दृश्य अडकायचं ते अडकलंच. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि गर्दी कमी करायला सुरुवात केली. फुलवाले गेले, पोरं गेली, बँडवाले गेले. शेवटी एकच बाई उरली, गळ्यात टेप अडकवलेली. आता लॅपटॉप सुरळीत चालू लागला.

बाई रिकाम्या बाजारात हिंडत होती. कोणाचा तंबू उसव, दिव्याचा खांब आखूड कर, असे तिचे उद्योग. सगळा विचका झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कात्री हळूच पाठीमागे लपवली. मी अशी कधीच उभी राहत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर माझाही एक हात पाठीमागे होता.

फिल्म वेळेत गेली.

"बाई छान आहे गं," मी घसा खाकरून म्हणाले, "पण नाक जरा लहान केलं असतंस, आणि आगाऊपणा थोडा कमी..."

"नाही," लेक म्हणाली. "मला ही अशीच हवी आहे. हिच्यात काहीसुद्धा बदलायचं नाही."

मी तोंड फिरवलं. डोळे पुसायला आमच्या घरात चिंध्यांना तोटा नाही.