दोमितिलाचा डावा हात

व्हॉलीबॉल खेळताना दोमितिला स्मॅश मारायला उडाली की तिचा डावा हात छातीवर जायचा. उजवा बॉलसाठी, डावा सांभाळण्यासाठी. देवानं तिला सढळ हातानं दिलंय, त्याला ती तरी काय करणार! पण वरच्या गल्लीची कप्तान ग्रिमाल्दा, म्हणजे दोमितिलाची सख्खी नणंद, मागून ओरडायची, "हात गेला!" की जाळीपाशी तिघी हात वर करून उडायच्या आणि बॉल परत आमच्याच नाकावर. सलग तीन वर्षं सांता रोसाच्या सणाला बक्षिसाचं डुक्कर टेकडी चढून वर गेलं. आम्ही खालच्या गल्लीतल्या बायका नुसता वास घेत बसलो.

स्मॅशसाठी तिला बॉल वर उडवून देणारी मी, एल्वा. बाजारात बटाटे विकते, आणि मनात ठेवायची मला सवय नाही.

"यंदा हरलो तर तुझ्या जागी निल्दा," मी सांगून टाकलं.

दोमितिलाचा चेहरा पडला. बारा वर्षं ती आमच्याकडून खेळत होती. आठवडाभर लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईचा रविवार तेवढाच तिचा स्वतःचा.

"एल्वा, मी मुद्दाम धरते का गं? नाही धरलं तर दुखतं. दोन-दोन घालते एकावर एक, तरी दुखतं."

दुसऱ्या दिवशी तिनं स्पोर्ट्स ब्रा आणली. कुणीतरी सांगितलं होतं, घट्ट हवी. बाईनं दोन नंबर लहान घेतली! घालायला मी आणि निल्दा दोघी लागलो. दहा मिनिटं खेळली आणि जांभळ्या मक्याच्या सरबताच्या रंगाची होऊन रस्त्यातच बसली. काढायला तिघी लागल्या.

शेवटी तिला ओढतच माझ्या शेजारच्या गाळ्यावर नेलं. तिथे योवाना आतले कपडे विकते. तिनं टेप लावली आणि माझ्यावरच डाफरली.

"घट्ट आणि मापाची यात फरक असतो, बाई! सगळा भार खालच्या पट्ट्यानं घ्यायचा. खांद्याला टांगायला ती काय बाजाराची पिशवी आहे? पट्ट्यात दोन बोटं जायला हवीत, आख्खा हात नको. आणि श्वास घेता यायला हवा, नाहीतर मेलीस."

चौथी ब्रा बरोबर बसली. "आता उड्या मार," योवाना म्हणाली.

"इथे? बटाट्यांत?"

"घरी जाऊन मारशील आणि बदलायला येशील. इथेच मार."

दोमितिला माझ्या पोत्यांमध्ये उडाली. पुन्हा उडाली. दोन्ही हात वर. मग थांबली आणि चक्क रडायलाच लागली. "दहा वर्षांची होते तेव्हा अशी उडायचे," म्हणाली. मी उगाचच एका गिऱ्हाइकावर ओरडले.

सामन्यात पहिला सेट आम्ही सहज मारला. हात जाईना, म्हणून ग्रिमाल्दाला काही कळेना. दुसऱ्या सेटला ती सावरली. "तिच्या डोळ्यांकडे बघा!" ओरडली, आणि सेट त्यांनी घेतला. तिसऱ्यात आम्ही चौदा, त्या तेरा. एक पॉइंट हवा आणि नेमकी रिक्षा आली. रस्त्यावरच खेळतो ना, जाळी उचलून धरली आणि तिला जाऊ दिलं. तेवढ्यात दोमितिला माझ्या कानाशी आली.

"उंच दे. नेहमीपेक्षा उंच."

मी दिला. दोमितिला धावत आली आणि तिचा डावा हात सरळ छातीवर गेला. मी मनात म्हटलं, संपलं. डुक्कर गेलं.

"हात गेला!" ग्रिमाल्दा किंचाळली. समोरच्या तिघी उडाल्या.

पण दोमितिलाचा फक्त हात गेला होता. पाय जमिनीवरच होते. त्या तिघी खाली यायला लागल्या तेव्हा ती उडाली, दोन्ही हात मोकळे सोडून, आणि त्यांच्या डोक्यांवरून असा काही फटका हाणला की बॉल ग्रिमाल्दाच्या पायाशी आपटून वरच्या वळणापर्यंत गेला.

संध्याकाळी डुक्कर भाजत असताना ग्रिमाल्दा आली. मला वाटलं, भांडायलाच आली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "कुठून घेतलीस?"

"आधी सांग, माझा हात जातो हे तुलाच कसं दिसलं?"

"माझाही जायचा. म्हणून तर मी उडायचं सोडलं. मागे उभी राहून नुसती ओरडते. कप्तान झाले, त्यामुळे का उडत नाही हे कुणी विचारलंही नाही."

मी दोमितिलाला कोपरानं ढोसलं. सांगू नकोस, पुढच्या वर्षीचा विचार कर! पण तिनं भाजलेला पहिला तुकडा नणंदेच्या ताटलीत ठेवला.

"उद्या सकाळी ये. एल्वाच्या बटाट्यांत उड्या मारायच्या आहेत."